कम्प्युटर उठून राहिला जी!

सिंदेवाहीत सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात डोकावून बघा. शटर वर गेलेलं असतं, उदबत्ती लागलेली असते, बाकड्यावर चार-सहा माणसं पासबुकं आणि आधारकार्डं मांडीवर घेऊन बसलेली असतात. काम तेवढं सुरू झालेलं नसतं. "काऊन जी, का झालं?" असं विचारलं की मालक मॉनिटरकडे नुसती हनुवटी वळवतो आणि सांगतो, "कम्प्युटर उठून राहिला जी."

बाकड्यावरच्या कोणालाच यात वावगं वाटत नाही. धानाच्या नोंदणीला आलेला माणूस थांबण्यात मुरलेला असतो. पाऊस यायचा तेव्हा येतो, रोवणी व्हायची तेव्हा होते आणि बोनस तर यायचा तेव्हाच येतो. त्यात आणखी पंधरा मिनिटांची काय मातब्बरी! पण आमच्याकडचा माणूस थांबला तरी गप्प बसत नाही. कम्प्युटर उठेपर्यंत तो त्याचं निदान करून मोकळा होतो.

"व्हायरस घुसला असंन," पहिला म्हणतो. हा गेल्या पंधरा वर्षांत कम्प्युटरला शिवलेला नसतो, पण व्हायरसबद्दल त्याला खात्री असते. कॉलेजातलं एखादं पोट्टं मोबाइलवरून मान न काढता "रॅम वाढवा ना जी" एवढं बोलून पुन्हा मोबाइलात जातं. तिसरा गृहस्थ ठाम असतो, "फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅट म्हणजे काय हे त्याला माहीत असायची गरज नाही, ते मारायचं असतं एवढं पुरेसं आहे. एखादे निवृत्त गुरुजी असले तर "यंत्राचं असंच असतं" असं म्हणून विषय तत्त्वज्ञानात नेऊन सोडतात. आणि कोपऱ्यातला म्हातारा, ज्याला आज फक्त एका कागदाची झेरॉक्स हवी आहे आणि जिचा कम्प्युटरशी काहीएक संबंध नाही, तोही भक्तिभावानं वाट बघत बसलेला असतो.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. याच गावात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे आणि तिथं धानाच्या वाणांवर काम चालतं. याच बाकड्यावरचा माणूस बांधावर उभा राहिला की करपा कोणता, कडाकरपा कोणता, खोडकिडा कुठं लागला, तुडतुडे बुडाशी आहेत का, हे नुसत्या नजरेनं सांगतो. धान पिवळा पडला तर "पिवळा कुठून पडून राहिला, शेंड्याकडून का बुडाकडून?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आणि कम्प्युटर म्हटला की शेंडा-बुडखा सगळं एकच. रोग एक, व्हायरस. औषध एक, फॉरमॅट.

खरं तर इथंही पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. तो कुठं अडतो? बटन दाबलं तरी ढिम्म, पंखासुद्धा फिरत नाही, ही एक तऱ्हा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच, ही दुसरी. कंपनीचं नाव झळकतं आणि तिथंच ठाण मांडून बसतं, ही तिसरी. विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहतात किंवा सगळं दिसतं पण माऊस हलवला तर दोन मिनिटांनी हलतो, ही चौथी. चारही वेळा बाकड्यावर सारखीच वाट बघावी लागते, म्हणून लोकांना चारही एकच वाटतात.

पहिली तऱ्हा आमच्या भागाची खास आहे, म्हणून तिच्याशी जरा थांबतो.

पूर्वी कम्प्युटरचं बटन खरोखरीचं बटन असायचं. एटी नावाच्या जुन्या कॅबिनेटात ते दाबलं की वीज थेट आत जायची, पुन्हा दाबलं की तुटायची. 1995 साली इंटेलनं एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली आणि बटनाचे सगळे अधिकार काढून घेतले. तेव्हापासून बटन दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. अर्ज मदरबोर्डकडे जातो. मदरबोर्ड तो हिरव्या वायरवरून एसएमपीएसकडे, म्हणजे मागच्या बाजूला बसलेल्या त्या पत्र्याच्या वीजपेटीकडे पाठवतो. एसएमपीएस सगळे व्होल्टेज तयार करतो, ते स्थिर झाल्याची खात्री करतो आणि राखाडी वायरवरून उलट टपाली कळवतो, पॉवर गुड. हे पत्र हातात पडल्याशिवाय प्रोसेसर कामाला हात लावत नाही. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत आटोपतो. अर्ज निकाली निघण्याचा हा वेग तालुक्यात दुसरीकडे कुठं दिसला तर मला अवश्य कळवा.

पण अर्ज घ्यायला कोणीतरी जागं असावं लागतं. कम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचा स्विच सुरू असेपर्यंत एसएमपीएसचा एक लहानसा भाग पाच व्होल्ट पुरवत राहतो, जांभळ्या वायरवरून. त्याला लागते जेमतेम वॅट-दोन वॅट वीज. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. दोन वॅट म्हणजे काहीच नाही. अडचण विजेची नसतेच, अडचण असते ती या भागातल्या कपॅसिटरची. बोटाच्या पेरापेक्षा लहान नळकांडी, आत ओलसर रसायन. ते रसायन उष्णतेनं हळूहळू वाळत जातं. स्वस्तातल्या कपॅसिटरची हमी 105 अंशांना हजार-दोन हजार तासांची असते आणि ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. उलटंही तितकंच खरं.

आता चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं मे महिन्यात वर्तमानपत्रात कशासाठी छापून येतात ते सांगायला नको. बाहेर पंचेचाळीसच्या वर, टिनाच्या दुकानात त्याहून जास्त, त्यात कॅबिनेटची मागची बाजू भिंतीला चिकटवलेली, वर घरच्यांनी शिवलेला फुलाफुलांचा झगा. धूळ बसू नये म्हणून घातलेला हा झगा मालक कम्प्युटर सुरू असतानाही काढत नाही. पंख्याच्या जाळीत राईस मिलकडून आलेला कोंडा, एक-दोन मुंग्यांची वारुळं आणि कधीकाळी ऊब शोधत आत शिरलेल्या पालीचा सांगाडा. एवढ्या बंदोबस्तात कपॅसिटर वाळला नाही तरच नवल.

गंमत अशी की तो वाळतो उन्हाळ्यात आणि कण्हतो हिवाळ्यात. कपॅसिटर कमजोर झाला की थंडीत त्याची ताकद आणखी आटते, गरम झाला की थोडी परत येते. त्यामुळे मे महिन्यात कम्प्युटर एका बोटावर उठतो आणि मालक समाधानानं सांगतो, "मस्त चालू आहे जी." डिसेंबरात धुकं पडलेल्या सकाळी तोच कम्प्युटर बटन दाबून दाबून बोट दुखलं तरी हूं की चूं करत नाही.

आणि डिसेंबर म्हणजे आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात, पडदा रात्री वर जातो आणि माणसं घरी परततात ती उजाडल्यावर. नाटकाच्या नावात हमखास कुंकू असतं, नाहीतर रक्त. हँडबिल मात्र या दुकानातल्या कम्प्युटरमध्ये असतं. आयोजक पहाटेपासून शटरपुढे उभे, लाउडस्पीकर लावलेली गाडी रस्त्यात सुरू, ड्रायव्हर हॉर्न मारतो आहे, आणि आत मालक बटनाला हात जोडतो आहे. "का गा, आज उठते का नाही हा?" "उठते जी, थंडी आहे ना." हे उत्तर ऐकून शहरातला माणूस हसेल. पण मालक शब्दशः खरं बोलतो आहे. त्याचं कारण त्याला ठाऊक नाही, इतकंच.

कारण ठाऊक नसलं तरी उपाय ठाऊक असतो. आमच्याकडचा अनुभवी दुकानदार आल्या आल्या भिंतीवरचा स्विच सुरू करतो, बटनाला हात लावत नाही आणि समोरच्या टपरीवर चहाला जातो. चहा, दोन गोष्टी, वाटल्यास अर्धा आणखी. तेवढ्यात त्या दोन वॅटवर कपॅसिटर शेकून निघतो, आणि परत येऊन बटन दाबलं की कम्प्युटर गुणी पोरासारखा उभा राहतो. बाकड्यावरच्या सगळ्या उपायांमध्ये शास्त्राला धरून असलेला हा एकच, आणि नेमकं यालाच लोक आळशीपणा म्हणतात. अर्थात हा दिलासा आहे, इलाज नाही. हळूहळू चहा लांबत जातो. अर्ध्या कपानं उठणारा कम्प्युटर दोन कपांवर गेला की समजावं, एसएमपीएस बदलायची वेळ झाली.

बदलायची म्हणतोय मी, उघडायची नव्हे. आमच्या गावात उघडून बघण्याची हौस दांडगी. मोटरपंप उघडून बघतात, मिक्सर उघडून बघतात, तसा एसएमपीएसही टेबलावर ठेवून उघडतात. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. कम्प्युटर उठो न उठो, उघडणारा मात्र जागेवरून नक्की उठतो.

दुसऱ्या तऱ्हेला मी जास्त वेळ देणार नाही. पंखा फिरतो आणि पडदा काळा, तर पावसाळ्याची ओल रॅमच्या सोनेरी पट्टीवर चढली असण्याचा संभव बराच असतो. प्लग काढून रॅम बाहेर घ्यायची, शाळेतल्या खोडरबरानं पट्टी हलकी घासायची, पुन्हा खट् आवाज येईपर्यंत बसवायची. यावर हजार रुपये घेणारे लोक आहेत. खोडरबर पाच रुपयाला मिळतो.

तिसरी तऱ्हा, म्हणजे कंपनीचं नाव झळकून तिथंच थांबणं, ही आमच्या एका चांगल्या सवयीतून निघालेली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात विजा कडाडतात त्या नुसत्या आवाजासाठी नव्हे. म्हणून रात्री घरी जाताना प्रत्येक शहाणा माणूस मेन स्विच पाडतो, प्लगसुद्धा उपसून ठेवतो. बरोबरच करतो. पण स्विच पाडला की जांभळ्या वायरवरचे पाच व्होल्टही जातात आणि मदरबोर्डवरचं घड्याळ रात्रभर एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. शहरात जिथं स्विच कधी बंदच होत नाही तिथं हा सेल बराच काळ पुरतो. आमच्याकडे बिचाऱ्याला रोज रात्रपाळी.

त्या सेलवर सीआर2032 असं लिहिलेलं असतं. एका दुकानात मी सुचवलं, "भाऊ, सेल संपला वाटते." मालकानं सेल काढून उजेडात धरला, वाचला आणि मला दाखवला, "नाही जी, 2032 पर्यंत आहे ना." त्या चार आकड्यांपैकी पहिले दोन म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि पुढचे दोन म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण बाकड्यावरच्या दोघांनी तोवर मालकाच्या बाजूनं मान हलवली होती. बहुमतापुढे मिलिमीटरचं काय चालणार!

सेल मेला की कम्प्युटर रोज सकाळी आपलं वय विसरतो. आज कोणती तारीख हे त्याला कळत नाही, मग तो कारखान्यातून निघाला त्या काळातली एखादी तारीख धरून बसतो, 1 जानेवारी 2009 अशी काहीतरी. आणि इंग्रजीत सांगतो की पुढं जायचं असेल तर एफ-1 दाबा. मालक एफ-1 दाबतो. कीबोर्डवरचं बाकी सगळं शाबूत असतं, एफ-1 वरची अक्षरं तेवढी पुसलेली. दाबून झाल्यावर विंडोज येते, इंटरनेट येतं, पण सरकारी साइट काही उघडत नाही. सुरक्षित साइट आपल्या ओळखीचं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर अलीकडची तारीख असते, आणि 2009 मध्ये जगणारा कम्प्युटर म्हणतो, हे प्रमाणपत्र तर अजून जन्मालाच यायचं आहे. बाकड्यावर लगेच निकाल जाहीर होतो, "सर्व्हर डाऊन आहे." सातबारा काढायला आलेले मामा पिशवी उचलून घरी जातात. कम्प्युटरच्या बाजूनं बोलायचं तर त्याचंही चूक नाही. डिजिटल सहीचा सातबारा 2018 साली आला, 2009 मध्ये तो मागणाऱ्या माणसाला तो बापडा देणार कुठून? पन्नास रुपयांच्या आतला सेल टाकला की गाव पुन्हा चालू सालात येतं.

याच मुक्कामावर अडवणारा आणखी एक महाभाग म्हणजे मागं खुपसून ठेवलेला पेनड्राइव्ह. कुणा गिऱ्हाइकाचा राहून गेलेला असतो, "नेईल तो" म्हणून तिथंच ठेवलेला. कम्प्युटर उठताना विंडोज कुठं आहे हे शोधत फिरतो आणि काही मदरबोर्ड आधी या पेनड्राइव्हचं दार ठोठावतात. आत असतात डीजेची गाणी. त्यात विंडोज सापडेल या आशेनं तो बराच वेळ शोधत राहतो. जुना प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, तुटक्या वायरचं कार्ड रीडर यांच्या बाबतीतही असं घडतं. सगळं उपसून एकदा सुरू करून बघायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच कोणी बघत नसावं.

चौथी तऱ्हा सगळ्यांच्या घरची आहे. जुनी फिरती हार्डडिस्क, चार जीबी रॅम आणि त्यावर विंडोज 10. तिचाही आधार मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला काढून घेतला. डिस्क मिनिटाला 7200 फेऱ्या मारते, पण विंडोज, अँटिव्हायरस, दुसरा अँटिव्हायरस (पहिला काढायचा राहिला म्हणून), प्रिंटरचे तीन प्रोग्राम आणि कोणी टाकला ते आठवत नाही असा एक व्हिडिओ प्लेयर हे सगळे एकाच वेळी तिच्यापाशी मागणी करतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या पानावर जा आणि ज्यांचं सकाळी सकाळी काही काम नाही त्यांना घरी बसवा. त्यावरही भागलं नाही तर डिस्क काढून एसएसडी घाला. इथं ते कॉलेजातलं पोट्टं अर्धं बरोबर होतं हे मी मान्य करतो.

त्या टास्क मॅनेजरमध्येच आणखी एक करमणूक आहे. परफॉर्मन्सच्या पानावर कम्प्युटर किती वेळ जागा आहे ते लिहिलेलं असतं. रोज संध्याकाळी इमानेइतबारे शटडाउन करणाऱ्या माणसाला तिथं अठरा दिवस, बावीस दिवस असे आकडे दिसतात. विंडोज 8 पासून शटडाउन म्हटलं तरी विंडोज आपला बराचसा संसार डिस्कवर तसाच बांधून ठेवते आणि सकाळी सोडते, लवकर उठता यावं म्हणून. त्यामुळे जुनी भानगडही रोज तशीच परत येते. धुऊन-पुसून नवी सुरुवात हवी तर रीस्टार्ट करावं लागतं. बंद करून सुरू केलं तर होत नाही, सुरू असतानाच पुन्हा सुरू केलं तर होतं, हे आमच्या बाकड्याला मी आजवर पटवू शकलेलो नाही आणि पटेल अशी आशाही नाही.

इतकं सगळं होऊन शेवटी यायचा तो येतोच, म्हणजे इंजिनिअर. तो मूलहून येतो, नाहीतर ब्रह्मपुरीहून. दोन्हीकडचा रस्ता जंगलातला. त्यामुळे आल्याबरोबर तो घड्याळ बघतो आणि म्हणतो, "सांज पडायच्या आत निघतो जी, काल रस्त्यावर वाघ दिसला म्हणते." वाघाची गोष्ट इकडे कोणी थट्टेवारी नेत नाही, तेव्हा मालक घाईघाईनं खुर्ची देतो. घाईत असलेल्या माणसाला एकच उपाय येतो, तो बाकड्यावरच्या तिसऱ्या गृहस्थानं सकाळीच सांगून ठेवलेला असतो. फॉरमॅट मारला जातो.

आता विचार करा, कम्प्युटर अडत होता तो पहिल्या तऱ्हेत. पंखासुद्धा फिरत नव्हता. विंडोजची तेव्हा पाळीच आली नव्हती, आणि शिक्षा झाली तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असतं, बटन ढिम्म असतं आणि चहाही पूर्वीइतकाच लागतो. नवीन काय, तर प्रिंटर ओळख दाखवत नाही, नोंदणीच्या साइटचा पासवर्ड गेलेला असतो आणि कृतिदेव फॉन्ट उडालेला असतो. कृतिदेव गेला की वर्षानुवर्षांचे अर्ज, ठराव, लग्नपत्रिका आणि नाटकांची हँडबिलं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन समोर येतात. कुंकवाची आणि रक्ताची नाटकं त्यात ओळखूसुद्धा येत नाहीत. मालक इंजिनिअरला फोन लावतो, तर तो म्हणतो, "नवीन घेऊन टाका जी, जुना झाला."

तेव्हा ज्यांच्या घरी, दुकानात, शाळेत असा रेंगाळणारा कम्प्युटर आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. इंजिनिअर यायच्या आधी मोबाइलचं घड्याळ लावून एकदा बघून ठेवा, तो बटनाशी अडतो, काळ्या पडद्याशी, नावाशी की विंडोजशी, आणि आल्या आल्या त्याला ते सांगा. बटनाशी अडत असेल तर फॉरमॅटला साफ नकार द्या आणि दुसऱ्याचा चालता एसएमपीएस लावून बघायला लावा. उन्हाळ्यात तो फुलाफुलांचा झगा काढा. नाणेसेल बदला, 2032 उजाडायची वाट बघू नका. आणि एवढं करूनही फॉरमॅटच मारायचं ठरलं, तर आधी फोटो, फाइली आणि कृतिदेव फॉन्ट पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग तो पेनड्राइव्ह आठवणीनं बाहेर काढा.